दिवस कोणाच्या सोयीचा?

(नभोवाणीवरील भाषण)

समारंभ करावयाचा म्हटला की मंडप, पाहुणे, हारतुरे, चहाफराळ यांचा विचार आपण दहा वेळा करतो. पण तो कोणत्या दिवशी आणि किती वाजता करावयाचा, हा प्रश्न बहुधा चार माणसे पाच मिनिटांत निकालात काढतात. भिंतीवरील दिनदर्शिका चाळली जाते, अध्यक्षांना विचारले जाते, सभागृह मोकळे आहे की नाही ते पाहिले जाते आणि तारीख पक्की होते. पुढे निमंत्रणपत्रिकेच्या तळाशी ‘सर्वांनी अगत्य यावे’ अशी ओळ छापली जाते. या ‘सर्वांनी’ शब्दात कोण कोण मोडते, हे मात्र तारखेच्या ओळीतच ठरून गेलेले असते. ज्यांना त्या दिवशी, त्या वेळी येणे शक्यच नाही, त्यांच्या हाती पत्रिका पडली तरी निमंत्रण त्यांच्यापर्यंत पोहोचले असे म्हणता येणार नाही. आज या लहानशा दिसणाऱ्या विषयाबद्दल आपल्याशी दोन शब्द बोलावयाचे आहेत.

मी सिल्वासा येथे शिक्षक आहे. पालकांची सभा, क्रीडास्पर्धा, स्नेहसंमेलन, सहल असे कितीतरी दिवस शाळेला वर्षभरात ठरवावे लागतात. आणि आमच्या गावात दिवस ठरविणे ही एक कसोटीच असते. दादरा व नगर हवेली हा मुलूख लहान. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ३,४३,७०९ भरली. त्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक वारली, धोडिया, कोकणा, काथोडी इत्यादी अनुसूचित जमातींचे. त्यांच्या जोडीला गुजराती व्यापारी, पूर्वापार येथे राहणारी मराठी कुटुंबे, गोव्याकडून आलेली ख्रिस्ती घरे, आणि कारखाने आल्यानंतर उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथून पोटासाठी आलेले हजारो कामगार. एकाच बाकावर दाटीने बसणाऱ्या चार मुलांच्या घरी सण चार वेगवेगळ्या रीतींनी मोजले जातात. मुले एकमेकांच्या डब्यातले खातात, एकमेकांची भाषा उचलतात; पण त्यांच्या आईबापांना एका दिवशी एका ठिकाणी आणावयाचे म्हटले की अडचण उभी राहते.

ही अडचण नवी नाही आणि केवळ आमच्या गावची नाही. १९५२ साली भारत सरकारने डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणेसाठी समिती नेमली, तेव्हा देशाच्या निरनिराळ्या भागांत सुमारे ३० पंचांगे चालू असल्याचे आढळून आले. समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून शक कालगणनेचे राष्ट्रीय पंचांग सुरू झाले. सरकारी कागदावर ती तारीख आली. घरातील सण मात्र आपापल्या जुन्या वाटेनेच येत राहिले. आपला मराठी महिना आणि गुजराती महिना दोन्ही अमावास्येला संपतात, म्हणून आपल्या तिथी जुळतात. वर्षाचा आरंभ तेवढा आपला चैत्रात आणि त्यांचा कार्तिकात. उत्तरेकडील कामगाराचा महिना पौर्णिमेला संपतो. त्यामुळे आपली महाशिवरात्र माघातली आणि त्याची फाल्गुनातली. दिवस एकच, महिन्याचे नाव तेवढे निराळे, म्हणून तेथे घोटाळा होत नाही. पण श्रावणाच्या बाबतीत होतो. त्याचा श्रावण आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो. ‘श्रावण लागण्यापूर्वी जेवणावळ उरकून घेऊ’ असे आपण ठरवावे, तर तोवर त्याचे श्रावणी सोमवार सुरू झालेले असतात.

मुसलमान बांधवांचे वर्ष शुद्ध चांद्र, सुमारे ३५४ दिवसांचे. त्यात अधिक मास नाही, म्हणून रमजानचा महिना दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकत साऱ्या ऋतूंतून फिरून येतो. त्यांचा दिवस सूर्यास्ताबरोबर सुरू होतो, आणि ईद उद्या की परवा हे आदल्या संध्याकाळी चंद्र दिसल्यावरच ठरते. आम्हां ख्रिस्ती लोकांचा नाताळ २५ डिसेंबरला पक्का बसलेला असतो. परंतु ईस्टर चंद्राच्या पाठोपाठ फिरतो. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी जी पौर्णिमा, तिच्या पुढचा रविवार तो ईस्टर. तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान केव्हाही येऊ शकतो, आणि त्याच्याबरोबर राखेचा बुधवार, चाळीस दिवसांचा उपवासकाळ व उत्तम शुक्रवार हेही मागेपुढे होतात. गेल्या वर्षीची तारीख पाहून यंदाचा कार्यक्रम ठरविणारा माणूस रमजान आणि उपवासकाळ या दोन्हींच्या बाबतीत हमखास चुकतो, याचे कारण हे आहे.

ही झाली छापील दिनदर्शिकेत सापडणारी माहिती. जे त्यात सहसा सापडत नाही, ते याहून महत्त्वाचे. ज्या आषाढी अमावास्येला महाराष्ट्रात घरोघर दिव्यांची पूजा होते, त्याच दिवशी आमच्याकडे धोडिया आणि वारली लोक दिवासो साजरा करतात. नवे धान्य देवाला दाखविल्यावाचून तोंडात घालावयाचे नाही, अशी पाड्यापाड्यांतून रीत आहे. पण हा विधी केव्हा करावयाचा हे पीक पाहून आणि वडीलधाऱ्यांना विचारून ठरते. कोणताही छापखाना ती तारीख आगाऊ छापू शकत नाही. ज्याला ती जाणून घ्यावयाची असेल, त्याने पाड्यावर जाऊन विचारले पाहिजे. दिनदर्शिकेत जो दिवस कोरा दिसतो, तो कोणाच्या तरी घरी भरलेला असू शकतो, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ काम होईल.

आता या विषयातील सर्वांत सामान्य गैरसमजाकडे वळतो. आपली समजूत अशी असते की सुट्टी म्हणजे रिकामा दिवस. सुट्टी पाहिली की आपण तीत कार्यक्रम बसवितो, कारण त्या दिवशी कचेऱ्या बंद, शाळा बंद, सभागृह मोकळे. संयोजकाच्या दृष्टीने हे बरोबर आहे. पण ती सुट्टी ज्यांच्या सणासाठी दिलेली असते, त्यांच्या वर्षातला तोच दिवस सर्वांत भरगच्च असतो. काही वर्षांपूर्वी शिक्षकांसाठी भरविलेला एक प्रशिक्षणवर्ग नेमका उत्तम शुक्रवारी आला. मी विचारणा केली तेव्हा संयोजक मोठ्या सद्भावनेने म्हणाले, “अहो, त्या दिवशी सुट्टी आहे, म्हणून तर तो दिवस घेतला. तुमची रजा खर्ची पडणार नाही!” त्या माणसाच्या मनात कोणाला दुखविण्याचा हेतू तिळमात्र नव्हता. उत्तम शुक्रवारी आम्ही उपवास करतो, दुपारी तीनच्या सुमारास, म्हणजे प्रभूने क्रुसावर प्राण सोडला त्या वेळेला, चर्चमध्ये जमतो, आणि तो दिवस शोकाचा मानतो, ही गोष्ट त्याला कोणी सांगितलेली नव्हती. इंग्रजी नावात ‘गुड’ शब्द असल्यामुळे हा आनंदाचा सण असावा असे समजून शुभेच्छा देणारी भली माणसेही आम्हांला दरवर्षी भेटतात.

हाच प्रसंग देशाच्या सर्वोच्च पातळीवरही घडला आहे. २०१५ साली उच्च न्यायालयांच्या मुख्य न्यायमूर्तींची परिषद दिल्लीत ३ एप्रिलपासून भरली. तो दिवस उत्तम शुक्रवारचा होता. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कुरियन जोसेफ यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहून आपली खंत कळविली, आणि त्या दिवसांतील पंतप्रधानांच्या भोजनासही आपण येऊ शकत नाही असे नम्रपणे सांगितले. परिषद ठरल्याप्रमाणे झाली. संयोजकांची बाजू अशी होती की न्यायालयाच्या कामाचे दिवस वाया जाऊ नयेत म्हणून अशा परिषदा सुट्टीतच घ्याव्या लागतात. या युक्तिवादात तथ्य नाही असे कोणी म्हणणार नाही. पण एका बाजूला कामाचे दिवस वाचतात आणि दुसऱ्या बाजूला एका माणसाला आपली जागा आणि आपली प्रार्थना यांतून एकीची निवड करावी लागते. ही निवड करण्याची पाळी न्यायमूर्तींवर आली म्हणून वर्तमानपत्रांत बातमी आली. शाळेतल्या शिपायावर किंवा कारखान्यातल्या कामगारावर ती येते तेव्हा बातमी होत नाही. तो निमूटपणे दोहोंपैकी एक गोष्ट सोडून देतो.

श्रोतेहो, सुट्टीचा हा प्रश्न आमच्या प्रदेशातून दोनदा मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि दोन्ही वेळचे निर्णय शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. २०१९ साली उत्तम शुक्रवारची सर्वसाधारण सुट्टी येथील यादीतून वगळून ती ऐच्छिक करण्यात आली होती. त्याविरुद्ध अर्ज झाला, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये, तो शुक्रवार येण्यापूर्वी, न्यायालयाने ती सुट्टी पूर्ववत देण्यास सांगितले. दुसरा प्रसंग २ ऑगस्टचा. पोर्तुगीजांच्या ताब्यातून सिल्वासा मुक्त झाले तो १९५४ सालचा हा दिवस. २०२१ च्या जुलै महिन्यात हा दिवस सार्वजनिक सुट्ट्यांच्या यादीतून काढण्यात आला. इतकी वर्षे चालत आलेली सुट्टी परत मिळावी म्हणून सिल्वासाच्या एका रहिवाशाने न्यायालयात धाव घेतली. २०२२ च्या जानेवारीत न्यायालयाने सांगितले की सार्वजनिक सुट्टी मिळणे हा कोणाचाही मूलभूत हक्क नाही. सुट्ट्या आधीच पुष्कळ आहेत आणि त्या कमी करण्याची वेळ आली असावी.

या दोन निर्णयांपैकी एकाने आनंद व्हावा आणि दुसऱ्याने वाईट वाटावे, असे आमच्या गावातील कित्येकांना झाले. मला त्यातून एक वेगळाच बोध घ्यावासा वाटतो. प्रत्येक समाजाचा प्रत्येक महत्त्वाचा दिवस कायदा सांभाळू शकणार नाही. तसे करावयाचे म्हटले तर वर्षभर कुलुपेच लावावी लागतील. न्यायालयाने म्हटल्याप्रमाणे सुट्टी हक्काने मागता येत नसेल. परंतु त्या दिवशी शेजाऱ्याची सभा, परीक्षा किंवा स्पर्धा न ठेवण्याइतके सौजन्य आपण आपल्या खुशीने दाखवू शकतो. त्यासाठी अधिसूचना लागत नाही, वकील लागत नाही, खर्चही येत नाही. कायद्याचा हात जेथे आखडतो, तेथून शेजारधर्म सुरू होतो.

असा शेजारधर्म आपल्या लोकांनी पूर्वी पाळलेला आहे. कोकणात कुलाबा जिल्ह्यातील बेने इस्राएल लोक तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारी तो बंद ठेवीत. शेजारपाजारच्या लोकांना यहुदी धर्माची फारशी माहिती नव्हती. त्यांनी या लोकांना ‘शनिवार तेली’ असे नाव दिले. एखाद्या माणसाचा धंदा आणि त्याचा विसाव्याचा वार ही दोन्ही त्याच्या नावातच गोवून टाकावीत, याहून साधी ओळख कोणती? शनिवारी तेल मिळणार नाही हे गावाला ठाऊक झाले, आणि गावाने आपले तेल शुक्रवारी भरून ठेवले असणार. कोणी कोणावर उपकार केल्याची भाषा त्यात नव्हती.

रविवारचा इतिहासही असाच मनन करण्याजोगा आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांना पूर्वी आठवड्याची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून सभा घेऊन, अर्ज करून हा प्रश्न लावून धरला, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. साहेबाच्या दृष्टीने रविवार हा चर्चचा वार. महाराष्ट्रातील लक्षावधी घरांना तो खंडोबाचा वार. एकच दिवस दोघांनाही आपापल्या कारणाने चालला. दिवस ठरविताना आपण अशी जागा शोधली पाहिजे, जेथे निरनिराळ्या माणसांची निरनिराळी कारणे एकत्र येऊन बसतील. मात्र रविवारची सुट्टी सर्वांनाच मिळते, असे आजही गृहीत धरू नये. आमच्या भागातील कारखाने पाळ्यांनी अहोरात्र चालतात, आणि सर्वांची साप्ताहिक सुट्टी एकाच वारी येत नाही.

येथे दिवसाकडून वेळेकडे यावे लागते. रात्रपाळी करून सकाळी घरी आलेल्या बापाला दहा वाजताची पालकसभा म्हणजे आपल्याला मध्यरात्री उठवून सभेला नेण्यासारखे आहे. दिवसपाळीच्या मजुराला अकरा वाजता बोलावले, तर त्या दिवसाची मजुरी बुडते. पगारी माणसाची रजा आणि रोजंदारीवरील माणसाची रजा यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. पहिल्याची रजा वहीत मांडली जाते, दुसऱ्याची त्या रात्रीच्या चुलीवर. ‘या लोकांना मुलांच्या शिक्षणाची आस्था नाही’ असे वाक्य शिक्षकांच्या बैठकीत फार सहज उच्चारले जाते. असे म्हणण्यापूर्वी सभेची वेळ कोणती होती, हे एकदा पाहून घ्यावे. हीच सभा एकाच दिवशी दोनदा घेतली, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, तर दोन्ही पाळ्यांची माणसे येऊ शकतात. शिक्षकाचा एक तास अधिक जातो. पण वीस घरांची मजुरी वाचते.

संध्याकाळच्या कार्यक्रमांचे दुःख वेगळे. पत्रिकेत आरंभाची वेळ असते, समाप्तीची नसते. साडेसहाचा कार्यक्रम प्रमुख पाहुणे येईपर्यंत साडेसातला सुरू होतो. सत्कार आणि भाषणे आटोपता आटोपता नऊ वाजतात, आणि ज्यासाठी लोक आले ती मुलांची नाटिका रंगमंचावर येईपर्यंत अर्धे सभागृह रिकामे झालेले असते. गेलेली माणसे कंटाळून गेली असे आपण समजतो. वास्तविक खानवेलकडे किंवा त्याच्याही पलीकडच्या डोंगरपट्ट्यात ज्यांना जावयाचे असते, त्यांना उशिरा वाहन मिळत नाही. कडेवर लेकरू घेऊन आलेल्या आईला घरी जाऊन चूल पेटवावयाची असते. तिची मुलगी नाटिकेत राणी झालेली असते, आणि ती राणी तिला पाहावयासच मिळत नाही. पाहुण्यांचा खोळंबा होऊ नये म्हणून आपण जेवढे जपतो, त्याच्या निम्म्याने जरी या आईच्या परतीच्या वाटेला जपलो, तरी कार्यक्रमाची वेळ आपोआप सुधारेल.

वेळेइतकाच ऋतूही पाहावा लागतो. आषाढ-श्रावणात भाताची लावणी चालू असते. तेव्हा शेतकऱ्याचा एक दिवस गेला तर तो पुढे भरून निघत नाही. कापणी आटोपली की पाड्यांवरील कितीतरी माणसे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कामाला जातात, आणि होळीला परत येतात. होळी हा आदिवासींचा मोठा सण. त्या दिवसांत माणूस घरी असतो खरा, पण तो आपल्या सभेसाठी आलेला नसतो. पावसाळ्याविषयी तर आमच्या इतिहासातच एक धडा आहे. १९५४ च्या जुलै महिन्याच्या अखेरीस दमणगंगेला पूर आला आणि नरोली सिल्वासापासून तुटली. स्वातंत्र्यसैनिकांनी नेमकी ती संधी साधून नरोलीच्या ठाण्यावर चाल केली, कारण सिल्वासाहून पोर्तुगिजांची कुमक नदी ओलांडून येऊ शकणार नव्हती. ज्यांना गाठ पडू द्यावयाची नव्हती, त्यांनी पूर पाहून दिवस धरला. ज्यांना गाठ घालून द्यावयाची आहे, त्यांनीही दिवस धरताना नदी, ओढे आणि रस्ते यांच्याकडे पाहावयास नको काय?

आता कोणी विचारील, “गुरुजी, एवढा विचार करीत बसलो तर वर्षात एकही दिवस उरणार नाही. कोणाचा ना कोणाचा सण, उपवास, पाळी, लावणी निघणारच. मग काही करावयाचेच नाही काय?” हा आक्षेप खरा आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. उदाहरणादाखल २०२४ सालचा मार्च महिना घेऊ. इतकी गर्दी क्वचितच एका महिन्यात होते. ८ तारखेला महाशिवरात्र होती. १२ तारखेपासून आपल्याकडे रमजानचे रोजे सुरू झाले. ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ १४ फेब्रुवारीपासूनच चालू होता. २४ तारखेला सकाळी आमचा झावळ्यांचा रविवार आणि त्याच रात्री होळी. २५ ला धुळवड, २९ ला उत्तम शुक्रवार आणि ३१ ला ईस्टर. त्यातच वार्षिक परीक्षांचे दिवस. या महिन्यात सभा घेणे अशक्य होते, असे वरवर पाहता वाटेल.

पण नीट पाहावे. ज्या दिवशी कोणाला तरी येणे सर्वस्वी अशक्य, असे दिवस मोजले तर ते दोन्ही हातांच्या बोटांत मावतात. बाकीचे दिवस उपवासाचे असतील; पण उपवास म्हणजे गैरहजेरी नव्हे. रोजा धरणारा माणूस सकाळी दहाच्या सभेला आनंदाने येईल. त्याला सूर्यास्ताच्या वेळी अडकवून ठेवू नये आणि त्याच्यासमोर भोजनसमारंभ मांडू नये, एवढेच. उपवासकाळातील ख्रिस्ती माणूस पालकसभेला येईल. त्याच्या मुलीला त्या दिवसांत नाचगाण्याच्या कार्यक्रमात घेतले तर त्याला संकोच वाटेल. तेव्हा त्या मार्चात महिना सोडून देण्याचे कारण नव्हते. सभा घ्यावी, मेजवानी घेऊ नये. सकाळ घ्यावी, संध्याकाळ घेऊ नये. आणि स्नेहसंमेलन जानेवारीतच आटोपून घ्यावे. विचार केल्याने दिवस कमी होत नाहीत. कोणता दिवस कशासाठी चांगला, हे त्याने कळते.

या कामी मी मनाशी तीन चाळण्या ठेवल्या आहेत, त्या आपल्यापुढे ठेवतो. पहिली चाळणी अशक्यतेची: धर्माचे मोठे कर्तव्य, रस्ता बंद असणे, लावणी-कापणीचे ऐन दिवस. जो दिवस हिच्यात अडकला तो सोडून द्यावा; तेथे बहुमताचा हिशेब करू नये. वर्गात एकच ख्रिस्ती किंवा एकच मुसलमान मुलगा असला तरी त्याच्यापुरता तो दिवस पूर्णपणे गेलेला असतो. दुसरी चाळणी नुकसानीची: मजुरी बुडणे, झोप मोडणे, रात्री परतीचे वाहन न मिळणे. येथे तडजोड करता येते. वेळ बदलून, दोन सत्रे ठेवून, कार्यक्रम आखूड करून नुकसान कमी करता येते. तिसरी चाळणी गैरसोयीची: कोणाला बाजारहाट करावयाचा आहे, कोणाला सहलीला जावयाचे आहे. येथे मात्र सर्वांनी थोडेथोडे सोसावे, आणि संयोजकानेही फार मनाला लावून घेऊ नये. आपल्याकडे बहुधा याच्या उलट घडते. अध्यक्षांच्या गैरसोयीसाठी तारीख दोनदा बदलते, आणि मजुराच्या नुकसानीसाठी एकदाही बदलत नाही.

यापुढच्या गोष्टी व्यवहाराच्या आहेत. तारीख ठरविण्यापूर्वी विचारावे; आणि विचारताना जे नेहमी बैठकीत बसतात त्यांना न विचारता, जे कधीच बसत नाहीत त्यांच्यापैकी दोघातिघांना विचारावे. शाळेत हे काम मुलेच उत्तम करतात. वर्षाच्या आरंभी प्रत्येक वर्गात एक कोरी दिनदर्शिका टांगावी आणि ज्याच्या घरी जो मोठा दिवस असेल, तो त्याला तीत लिहू द्यावा. महिनाभरात शिक्षकाला कोणत्याही पंचांगात मिळणार नाही एवढी माहिती मिळते, आणि मुलांना शेजाऱ्याचा सण कळतो, हा लाभ वेगळाच. छठपूजा कार्तिक शुद्ध षष्ठीला असते आणि त्या संध्याकाळी बिहारकडील घरांतील माणसे मावळत्या सूर्याला अर्घ्य देण्यासाठी पाण्यात उभी राहतात, हे मुलांना धड्यातून सांगण्यापेक्षा त्यांच्या सोबत्याने सांगितलेले अधिक लक्षात राहते.

दिवस ठरला की तो लवकर कळवावा. मजुराला पाळी बदलून घेण्यास, आईला शेजारणीकडे मूल सोपविण्यास अवधी लागतो. ईदच्या आसपास काही ठेवावयाचे असेल तर चंद्रासाठी एक दिवस मागेपुढे मोकळा सोडावा. कार्यक्रम केव्हा संपेल ते पत्रिकेत छापावे आणि त्या वेळी तो संपवावा. एकाच गटाची गैरसोय दरवर्षी होत असेल तर पुढच्या वर्षी पाळी बदलावी. यंदा एकाने सोसले, पुढे दुसऱ्याने सोसावे. आणि इतके करूनही एखाद्याला अडचणीचाच दिवस घेणे भाग पडले, तर त्याला आधी भेटून कारण सांगावे. पत्रिका छापून झाल्यावर केलेल्या दिलगिरीपेक्षा आधी बोललेला एक शब्द अधिक मोलाचा असतो. कारण कळले की माणूस सोसतो. आपण मोजणीतच नव्हतो असे वाटले की तो दुखावतो, आणि बहुधा बोलून दाखवीत नाही. पुढच्या वेळेपासून यावयाचे बंद करतो.

हा नियम आम्हां अल्पसंख्याकांनाही तितकाच लागू आहे, हे सांगितल्यावाचून मला हे भाषण संपविता येणार नाही. आमचा उत्तम शुक्रवार लोकांनी ओळखावा अशी आमची अपेक्षा असेल, तर ख्रिस्ती संस्थेच्या वार्षिक भोजनाच्या दिवशी कोणाची एकादशी किंवा कोणाचा रोजा तर नाही ना, हे आम्हीही पाहिले पाहिजे. रविवारी सकाळी मिस्सा असते म्हणून त्या वेळी सभा नको असे आम्ही म्हणतो; तर ज्या मुसलमान पालकाला शुक्रवारी दुपारी नमाजाला जावयाचे असते, त्याला आमच्या शाळेने त्याच वेळी बोलावू नये. मान मागणाऱ्याने तो आधी द्यावा, हे चांगले.

श्रोतेहो, लग्नाचा मुहूर्त काढताना आपण वधू आणि वर अशा दोन पत्रिका जुळवून पाहतो. सार्वजनिक कार्यक्रमात पत्रिका दोनच नसतात, शेकडो असतात, आणि त्या कोणी आपल्यापुढे आणून ठेवीत नाही. आपल्यालाच हिंडून त्या गोळा कराव्या लागतात. सर्व ग्रह अनुकूल असा दिवस मिळणार नाही. पण कोणाचा दिवस आपण मोडतो आहोत, हे जाणून घेऊन निवडलेली तारीख आणि ते न जाणता टाकलेली तारीख यांत फार अंतर असते. पुढच्या वेळी आपल्या मंडळाची, शाळेची, सोसायटीची किंवा देवळाची तारीख ठरविण्यासाठी आपण बसाल, तेव्हा आपल्यापैकी एकाने उठून इतकेच विचारावे: या दिवशी कोण येऊ शकणार नाही? या प्रश्नाचे उत्तर बैठकीतील कोणालाच देता आले नाही, तर तारीख त्या दिवशी ठरवू नये. आधी जाऊन विचारून यावे.